पेठकर मास्तरांचं भूगोलाचं वर्ष

तारीख ६ जून १९३६, शनिवार. शाळा उघडण्याआधीची शिक्षकांची बैठक. हजर: हेडमास्तर, संस्कृतचे शास्त्रीबुवा, इंग्रजीचे दोन शिक्षक, आणि गणित व वेळापत्रक सांभाळणारा मी. चित्रकलेचे मास्तर तापामुळे गैरहजर. भूगोलाचे पेठकर मास्तर उशिरा आले. त्यांच्या काखेत एक जुनं धोतर होतं.

बैठकीत काय ठरलं, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवायची मला सवय आहे. त्या दिवशीच्या टिपणात धोतराचा उल्लेख नाही. हेडमास्तर म्हणाले होते, "हे लिहू नका." पण पेठकर मास्तरांची आठवण निघाली की मला आधी ते धोतरच दिसतं.

आमची शाळा लहान. भोरातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून चालवलेली इंग्रजी शाळा. निम्मी मुलं गावातली, म्हणजे वकिलांची, कारकुनांची, दुकानदारांची. उरलेली खेड्यांतली, त्यातली पुष्कळशी वेल्ह्याकडच्या डोंगरातली. ही मुलं घरून तांदळाचं गाठोडं आणि वळकटी घेऊन यायची आणि भोरात कुणाच्या तरी ओसरीवर राहून शिकायची. त्यांना शाळा चालवणाऱ्या मंडळाकडून नादारी, म्हणजे फीमाफी, मिळे. सहामाहीत एका जरी विषयात नापास झालं तरी नादारी बंद, असा मंडळाचा नियम होता. आणि नादारी बंद झालेलं मूल दिवाळीनंतर परत आलेलं मी पाहिलेलं नाही.

पेठकर मास्तरांनी धोतराचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं कपाटाच्या कडीला. धोतरावर शाईनं उभ्या रेघा मारून वर्षाचे बारा रकाने केले होते. वर इंग्रजी महिने, खाली आपले. प्रत्येक रकान्यात कागदाचे लहान तुकडे बाभळीच्या काट्यांनी टोचून बसवलेले. एक तुकडा म्हणजे भूगोलाचा एक धडा.

शास्त्रीबुवांनी चष्मा वर केला. "पेठकर, हे शिकवायचंय की वाळत घातलंय?"

"वाळत घातलंय. पुस्तक पार भिजलं होतं, ते पिळलं."

हेडमास्तर उठून धोतराजवळ गेले. जूनच्या रकान्यात त्यांनी पहिला धडा शोधला. तो भाद्रपदात निघाला. "हे काय? पुस्तकाला पहिलं पान असतं, पेठकर. तिथून सुरुवात करायला तुमची हरकत काय?"

"पुस्तकाला माझी हरकत नाही. आषाढाला आहे." मास्तर बसले नाहीत. "डोंगरातली पोरं भाताच्या लावणीला घरी जातात. त्यांना जावंच लागतं. आणि ती नसताना आपण काय शिकवतो? मोसमी वारे, समुद्रप्रवाह, खंडं. सगळं जड सामान. सहामाहीला विचारतो तेच. पोर नापास, नादारी बंद, पोर घरी. मी आषाढात हलकं सामान ठेवलंय. नकाशे काढणं, पाऊस मोजणं. जड सामान पोरं परत आल्यावर."

"म्हणजे शाळा भाताच्या मागून चालवायची?"

"शाळा नाही. भूगोल. बाकीच्यांनी आपापलं बघावं."

बाकीच्यांमध्ये मीही होतो. पण खरं सांगायचं तर गणितात ही मुलं मागून येऊन गाठत. संस्कृतात पाठ करून निभावत. भूगोलातच अडकत.

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. मंडळाला उत्तर त्यांना द्यावं लागे. ते म्हणाले, "करून बघा. पण सहामाहीची तारीख हलणार नाही, आणि निकाल घसरला तर पुन्हा पहिलं पान ते शेवटचं पान."

"कबूल," म्हणत पेठकर मास्तर धोतराची घडी घालू लागले. काटे बोटांना टोचत होते. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम काटे असत, आणि खिशात हात घातला की "हात्तिच्या!" असा उद्गार निघे. वर्गातल्या मुलांना तो इतका पाठ होता की मास्तर खिशाकडे हात नेऊ लागले की मागच्या बाकावरून तो आधीच ऐकू येई.

माणूस गोड नव्हता. उंच, किडकिडीत, पोटाच्या दुखण्यानं कावलेला. दुपारच्या सुटीत भाकरी आणि ताक, दुसरं काही नाही. कुणी लग्नाचा लाडू पुढे केला तर "हा तुमच्या पोटात जास्त सुखी राहील" म्हणून परत करत. डावं-उजवं हे शब्द त्यांनी टाकून दिले होते. "लेका, दक्षिणेला सरक." "तो पश्चिमेचा दिवा जवळ घे." एकदा हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींनी त्यांना जेवायला बोलावलं, तर हे वाढणाऱ्या मुलीला म्हणाले, "चटणी वायव्येला नको, बाळ, भात येतोय तिकडून." मुलगी वाटी घेऊन जी आत पळाली ती बाहेरच येईना.

नवीन मूल शाळेत आलं की इतर शिक्षक नाव, गाव, बापाचा धंदा विचारत. पेठकर मास्तर विचारत, "तुझ्या घरापासून इथवर पाणी किती ठिकाणी आडवं येतं?" मुलं बोटं मोजत. उत्रोलीची मुलं हसत, त्यांचं गाव भोराला लागूनच. वेल्ह्याकडच्या मुलांना मात्र आठवावं लागे. हा प्रश्न त्यांना सुचला त्याला एक कारण घडलं होतं. ते त्यांनी स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःवरच चिडत सांगितलं.

धोतर आलं त्याच्या आदल्या वर्षी पासलीचा सखाराम नावाचा मुलगा आषाढात जो गेला तो महिनाभर आलाच नाही. मुलगा हुशार. मास्तरांनी हजेरीपटात त्याच्या नावापुढे "आळशी" असं लिहिलं आणि त्याला ओढून आणायला स्वतः निघाले. वेल्ह्यात एका ओळखीच्याकडे मुक्काम केला, सकाळी छत्री घेऊन पुढे. पासलीच्या अलीकडच्या ओढ्यापाशी थांबावं लागलं. ओढा तांबडा होऊन दोन्ही अंगांनी वाहत होता. पलीकडे इरलं घेतलेला एक माणूस बांध घालत होता. तो सखारामचा बाप, कोंडिबा.

"कोन हाय?" तो पलीकडून ओरडला.

"मी मास्तर!"

"आमच्या समद्यांच्या देवी काढून झाल्यात! म्होरल्या गावाला जा!"

"देवी टोचणारा मास्तर नाही! शाळेचा मास्तर! भोराहून आलोय! सखाराम कुठाय?"

"हितंच हाय! आवनीत! लावनी चाललीया! बोलावू व्हय?"

"शाळेत का येत नाही तो?"

कोंडिबाला ऐकू गेलं नसावं. त्यानं हात कानाशी नेला आणि ओरडला, "या की हिकडं! च्या घ्या!"

"कसा येऊ? पाणी आहे मध्ये!"

"मंग त्यो कसा यील?"

मास्तर सांगत, "गणितवाले, तो मला टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. पाण्यातून यायची माझ्याकडे काही शहरी युक्ती असेल तर त्याला हवी होती." पुढे म्हणत, "वीस वर्षं मी पोरांना सांगतोय, नदी म्हणजे काय. आणि वर्षाचं वेळापत्रक करताना ती वाहते हे विसरलो."

ते तसेच परत आले. हजेरीपटातला तो शब्द त्यांनी खोडला. पण लावणी उरकून उशिरा आलेला सखाराम सहामाहीत भूगोलात नापास झालाच. मास्तरांनी हेडमास्तरांना गळ घालून त्याची नादारी एकदाच म्हणून वाचवली. त्यानंतरच्या जूनमध्ये धोतर आलं.

दोन वर्षं धोतरानं काम केलं. आषाढात वर्गात निम्मे बाक रिकामे असत, आणि गावातली मुलं अंगणात डबे ठेवून पाऊस मोजत. एका वकिलांनी तक्रार केली, "माझा मुलगा महिनाभर डबा घेऊन अंगणात बसतो. हे शिक्षण आहे की घरगड्याचं काम?" मास्तर म्हणाले, "डबा कुणाचा आहे त्यावर ते ठरेल." हेडमास्तरांनी हेही मला लिहू दिलं नाही. पण श्रावण सरता सरता डोंगरातली मुलं परत येत, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या घेऊन, आणि मास्तर जड सामान काढत. त्या दिवसांत ते सुटीही घेत नसत, पोट दुखलं तरी. वर्गातून त्यांचा आवाज आमच्या खोलीपर्यंत येई. सहामाहीत डोंगरातलं एकही मूल भूगोलात अडकलं नाही. सखाराम तर वर्गात वरच्या मुलांत आला.

पेठकर वहिनी मला एकदा म्हणाल्या, "भावजी, यांना सांगा की धोतरं अजून दोन महिने नेसण्यासारखी होती. वर्ष टाचायला जुनंच पाहिजे का?" मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "नवं घेतलं तर ती नेसायला लावेल."

तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली.

जून कोरडा गेला. आषाढात दोन-चार सरी आल्या आणि थांबल्या. डोंगरातली मुलं वर्गात बसून होती. लावणीच नव्हती तर घरी जाऊन काय करणार? मास्तर रोज सकाळी शाळेत यायच्या आधी नदीवर जाऊन पाणी बघून येत. वर्गात सगळी मुलं हजर, आणि शिकवायला हलकं सामान. मी म्हटलं, "मास्तर, आता काढा ना मोठे धडे. सगळे आहेत." ते म्हणाले, "काढतो. उद्या पाऊस आला तर अर्धवट सुटेल." दोन दिवस थांबले. मग धोतर उतरवून काही तुकडे पुढे आणले, पुन्हा मागे नेले. मला वाटतं, तेव्हा ते पहिल्यांदाच घाबरलेले मी पाहिले. धोतरावर त्यांनी पाऊसही धड्यासारखाच एका रकान्यात टोचून ठेवला होता, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

पाऊस आला तो श्रावणाच्या मध्यावर, आणि कोसळला. पोरं वळकट्या तशाच टाकून गेली. श्रावण संपला, भाद्रपद लागला, तरी लावण्या चाललेल्या. जड सामान नेमकं त्याच आठवड्यांतलं. आणि पहिल्या दोन वर्षांच्या यशानं मास्तरांनी ते सगळंच्या सगळं तिथं रचलेलं. पुस्तकाच्या क्रमानं शिकवलं असतं तर निम्मं तरी त्या पोरांच्या कानावरून गेलं असतं.

मास्तर हेडमास्तरांकडे गेले. मी तिथंच होतो.

"सहामाही पुढे ढकला. पंधरा दिवस."

"तारीख हलणार नाही, हे आधी ठरलंय पेठकर. तुम्हीच कबूल म्हणालात."

"म्हणालो. माझं चुकलं. पण शिक्षा पोरांना का?"

"मंडळ मला विचारील, एका विषयासाठी? मी काय सांगू, पाऊस उशिरा आला म्हणून?"

"तेच सांगा. ते खरंच आहे."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. तारीख हलली नाही. मुलं परीक्षेच्या दोन दिवस आधी परत आली. मास्तरांनी त्या दोन दिवसांत दिवसभर शिकवलं. त्यांचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून आणि हातवारे करून वारे दाखवत होते. निकाल लागला तेव्हा डोंगरातली बहुतेक मुलं भूगोलात नापास. सखारामही.

नादाऱ्या बंद झाल्याचा हुकूम मंडळाकडून दिवाळीच्या तोंडावर आला. कोंडिबा बाजारच्या दिवशी मुलाची वळकटी न्यायला आला. फाटकापाशी मास्तर उभे होते. कोंडिबानं मुंडासं नीट केलं आणि नमस्कार केला.

"मास्तर, वाईट वाटून घिऊ नका. पाऊस काय तुमी पाडताय व्हय?"

"पाऊस नाही पाडत. पण त्याची तारीख मी घातली होती." मास्तरांचा आवाज अजून बसलेलाच होता. सखाराम वळकटी डोक्यावर घेऊन उभा, कुणाकडेच न बघता. मास्तर त्याला म्हणाले, "लेका, पुस्तक बरोबर ने. सोडू नको." मग बापाला, "कोंडिबा, पौषापर्यंत याला घरी वाचू द्या. शेताला लावा, पण पुस्तक काढून घेऊ नका. मी दुसरी परीक्षा ठेवायला लावतो. डोंगरातल्या पोरांसाठी वेगळी. पास झाला की नादारी पुन्हा मिळेल."

"हुईल का तसं?"

"मी सांगतोय ना."

मी बाजूला उभा होतो. हे वचन मास्तरांच्या हातातलं नाही, हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंडळाकडे अर्ज केला. ज्या मुलांना लावणीमुळे सहामाहीआधी वर्गात बसता आलं नाही, त्यांची पौषात पुन्हा परीक्षा घ्यावी, एवढीच मागणी. मंडळाच्या चिटणिसांकडे ते इतक्या वेळा गेले की चिटणिसांच्या घरची माणसं त्यांना ओटीवर बघितली की आतूनच "बाहेर गेलेत" म्हणत. एकदा चिटणीस सापडले, तेव्हा म्हणाले, "पेठकर, आज लावणी, उद्या गुरं हरवली, परवा लग्न. परीक्षा किती घ्यायच्या?" मास्तर म्हणाले, "लग्नासाठी मागायला आलो तर हाकलून द्या. लावणी तुमच्या ताटात येते." चिटणीस चिडले. त्या उत्तरानं काम बिघडलं, असं शास्त्रीबुवांचं मत. माझं मत, काम त्याआधीच बिघडलेलं होतं. त्या उत्तरानं फक्त चिटणिसांना कारण मिळालं.

पौष आला. अर्जाला होकार नाही, नकारही नाही. एका सकाळी मास्तर छत्री आणि भाकरीचं फडकं घेऊन निघाले, पासलीला. मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काही झालं नाही, एवढंच सांगायचंय ना? वेल्ह्याचा कुणी बाजारात येईल, त्याच्याजवळ निरोप द्या."

"शब्द निरोपानं दिला नव्हता, गणितवाले."

दोन दिवसांनी परत आले. मी विचारलं. मग एकेक निघालं. सखारामनं पुस्तक वाचलं होतं. सगळं. गुरांमागे जाताना नेत होता. पुठ्ठा भिजून गळाला होता. मास्तरांनी परीक्षा नाही असं सांगितलं. पोरगा म्हणाला, "मग तुमीच विचारा." अंगणात, खळ्याच्या कडेला बसून मास्तरांनी विचारलं. वारे, प्रवाह, खंडं, सगळं जड सामान. आजूबाजूला चार बायका भात पाखडत होत्या. त्यांनी सुपं थांबवली.

"मग?" मी विचारलं.

"पास आहे. चांगला पास आहे."

"तसं लिहून दिलंत का काही?"

"काय लिहून देऊ? माझ्याकडे शिक्का नाही." मग म्हणाले, "कोंडिबा म्हणाला, 'पास हाय न्हवं? मंग झालं तर.' आणि आत जाऊन त्यानं मला गूळ आणून दिला. तो मी खाल्ला." पोटाच्या दुखण्यामुळे गोडाला कधी हात न लावणाऱ्या माणसानं हे सांगितलं, आणि ते उठून वर्गावर गेले.

त्या वर्षीच्या निकालावर मंडळानं चर्चा केली. घाटाखाली, कोकणात, मंडळाची दुसरी एक शाळा होती. पेठकर मास्तरांची बदली तिथं झाली. शिक्षा असं कुणी म्हटलं नाही. भूगोल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाला.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मोटारीच्या थांब्यावर, मे महिन्यात. वहिनी आत बसल्या होत्या, मांडीवर दोन पितळी डबे. ड्रायव्हरनं हॅण्डल मारलं, मोटार सुरू झाली. मास्तर पायरीवर चढले आणि पुन्हा खाली उतरले. ड्रायव्हर ओरडला. ते माझ्याकडे आले.

"एक राहिलं. अर्ज पुन्हा केलात तर पौष लिहू नका. मी पौष लिहिला होता, ते चूक. पासलीत पाहिलं, मळण्या उरकलेल्या नसतात. पोरं खळ्यावर असतात. माघ लिहा."

"माघ," मी म्हटलं.

"आणि माझं नाव घालू नका. नावामुळे अडेल."

मोटार गेली तेव्हा ते मागच्या बाकावर पाठमोरे बसलेले दिसले. मान वळवली नाही. वहिनींनी मात्र डब्यावरचा हात उचलून हलवला.

यानंतर ते भोरास आले नाहीत. कोकणातच वारले, असं काही वर्षांनी कळलं. सखाराम शेती करतो. त्याचा धाकटा भाऊ आमच्या शाळेत काही काळ होता. भूगोलात अडकला आणि गेला. मधल्या काळात भोर संस्थान विलीन झालं, मंडळाचे चिटणीस बदलले, हेडमास्तर निवृत्त झाले. वेळापत्रक अजून मीच करतो. डोंगरातल्या मुलांची दुसरी परीक्षा घ्यावी, महिना माघ, असा अर्ज दर नव्या चिटणिसांकडे मी दिला आहे, पेठकर मास्तरांचं नाव न घालता. प्रत्येकानं तो वाचून घेतला आहे आणि विचार करू म्हटलं आहे.

यंदाच्या वेळापत्रकात माघातला एक आठवडा मी मोकळा ठेवला आहे. मंजुरी मिळवायची राहिली आहे.